आमच्या गावची रेंज जिल्ह्याच्या सरासरीत मोजू नका

प्रति,
केंद्रीय दूरसंचार विभाग,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
आणि विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी

महोदय,

हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे विदर्भाच्या खेड्यापाड्यांत दूरसंचाराचंच काम करतो. आमच्यातले काही फायबर जोडतात, काही टॉवरच्या बॅटऱ्या आणि डिझेल बघतात, काही ग्रामपंचायतीत संगणकावर बसतात, काही सेवा केंद्र चालवतात. कोणत्याही कंपनीच्या किंवा पक्षाच्या वतीनं आम्ही लिहीत नाही. रेंज गेली की लोक आधी आमच्याकडे येतात आणि ती का गेली हे आम्हाला बहुतेक वेळा ठाऊक असतं. पण ते सांगायला तुमच्या कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. म्हणून हे सगळ्यांच्या समोर मांडतो आहोत.

गेल्या काही वर्षांत शेतकऱ्याचं आणि मजुराचं सरकारदरबारचं जवळजवळ प्रत्येक काम फोनवर आलं. 2021 पासून ई-पीक पाहणी आली, तिचा फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो. 1 जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा फोटोसह ऑनलाईन हजेरी सक्तीची झाली. पीएम किसानचं ई-केवायसी आधारला जोडलेल्या नंबरवरच्या ओटीपीनं होतं, नाहीतर ॲपवर चेहरा दाखवावा लागतो किंवा केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा लागतो. 2025 च्या हंगामापासून सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावानं कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून स्लॉट घ्यावा लागतो. यातल्या एकाही गोष्टीला आमचा विरोध नाही. वावरातला फोटो सातबाऱ्यावर थेट जातो, यात शेतकऱ्याचं भलंच आहे. पण हे प्रत्येक काम ‘रेंज आहेच’ असं धरून आखलेलं आहे. सक्ती केली त्या दिवसापासून ती रेंज टिकवणं ही शासनाची जबाबदारी झाली, आणि ती जबाबदारी आज कोणीच उचललेली नाही.

पहिली तक्रार मोजणीची आहे, कारण बाकीचं सगळं तिच्यामागे झाकलं जातं.

कॉल ड्रॉप 2 टक्क्यांच्या आत असावेत असा तुमचा निकष आहे. हा निकष लागलेल्या कॉलपैकी मध्येच तुटलेले कॉल मोजतो. ज्या गावात कॉल लागतच नाही तिथला एकही कॉल तुटत नाही. टॉवर आठ दिवस बंद राहिला तर त्या आठ दिवसांत त्या टॉवरचे कॉल ड्रॉप शून्य असतात. टॉवर बंद असण्याचा निकष वेगळा आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण तोही टक्केवारीतच असतो. शंभर टॉवरांतला एक टॉवर महिनाभर मेलेला असला तर एकूण हिशेबात तो 1 टक्का भरतो, आणि त्याच्या भरवशावरची पाच-सहा गावं त्या एका टक्क्यात बुडून जातात. आपला विदर्भ परवान्याच्या हिशेबात मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्र आणि गोव्याच्या एकाच सर्कलमध्ये येतो. सर्कलची सरासरी काढली की पुण्याचा चांगला आकडा गडचिरोलीतल्या कोरचीचा वाईट आकडा भरून काढतो.

ट्रायनं 2024 साली सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. 1 ऑक्टोबर 2024 पासून ते लागू झाले. त्यात एक चांगली गोष्ट आली. जिल्ह्यात सलग 4 तासांपेक्षा जास्त सेवा बंद पडली तर कंपनीनं ट्रायला कळवायचं, आणि 24 तासांच्या वर बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यायची. या नियमाचं आम्ही स्वागत करतो. पण त्याचं माप जिल्हा हे आहे. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आहे, तालुके 12 आहेत. भामरागडच्या बाजूचे चार टॉवर पंधरा दिवस बंद राहिले तरी चामोर्शी-देसाईगंज चालू असतं, म्हणजे जिल्हा चालूच असतो. कोणाला कळवायची गरज पडत नाही आणि कोणाला मुदतवाढ मिळत नाही. ज्या भागासाठी हा नियम सगळ्यात गरजेचा आहे, त्याच भागात तो कधी लागू होत नाही.

दर्जा तपासायला तुमच्या गाड्या फिरतात त्या शहरांत आणि महामार्गांवर. गाडी डांबरी रस्त्यावरून जाते, आमचे लोक पांदण रस्त्यानं आत राहतात. महामार्गाकडे तोंड करून बसवलेला अँटेना रस्त्यावर उत्तम आकडे देतो आणि टेकडीमागच्या वस्तीत काहीच देत नाही. शिवाय ‘जोडलेलं गाव’ म्हणजे महसुली गाव. यवतमाळातले कोलाम पोड, गोंदिया-गडचिरोलीकडचे टोले, मेळघाटातले ढाणे मूळ गावापासून दोन-चार किलोमीटर लांब असतात, मध्ये नाला किंवा डोंगर असतो, आणि महसुली यादीत त्यांना वेगळा नंबर नसतो. गावठाणात सिग्नल मिळाला की पोडही जोडलेला धरला जातो. तिथल्या बाईला कळा सुरू झाल्या की आशाताईंना फोन करायला कोणीतरी टेकडीवर पळतो. ही माणसं तुमच्या कोणत्याही यादीत ‘न जोडलेली’ म्हणून सापडणार नाहीत.

‘टॉवर फुल दाखवते, पण फोन लागत नाही’ ही तक्रार आम्ही सर्वांत जास्त ऐकतो. तुमचं कॉल सेंटर तिला हँडसेटचा दोष म्हणून परत पाठवतं. तिची खरी कारणं तीन असतात. टॉवरचा रेडिओ 20 ते 40 वॉटनं बोलतो, आणि हातातला 4जी फोन जास्तीत जास्त 0.2 वॉटनं. टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतो म्हणून दांड्या दिसतात. फोनचा आवाज मात्र झाडोरा आणि चढ ओलांडून टॉवरपर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात सागाला पानं आली की उन्हाळ्यात चालणारी जागा बंद पडते ती यामुळेच. यावर उपाय म्हणजे 700, 850 किंवा 900 मेगाहर्ट्झचा खालचा बँड आणि योग्य दिशेचा सेक्टर. वरच्या बँडवर नुसती पॉवर वाढवून हे सुटत नाही, कारण पॉवर टॉवरची वाढते, फोनची नाही. दुसरं कारण, टॉवर चालू असतो पण त्याला मागून जोडणारं फायबर किंवा मायक्रोवेव्ह तुटलेलं असतं. तेव्हा त्या भागातल्या त्या कंपनीच्या सगळ्या फोनांवर दांड्या असतात आणि कोणाचाच कॉल जात नाही. तिसरं, गर्दी. संध्याकाळी सात ते दहा काहीच उघडत नाही आणि पहाटे सगळं पळतं, असं असेल तर टॉवरची क्षमता कमी पडते आहे. वेळ आणि लक्षण विचारलं तर तीनही कारणं फोनवरच ओळखता येतात. विचारलं मात्र जात नाही.

चौथं एक कारण आता वाढतं आहे. सरकारी पैशातून नव्यानं उभ्या राहिलेल्या बऱ्याच साईट 4जीच्या आहेत. त्यांवर बोलायला व्हीओएलटीई (4जीवरूनच कॉल करण्याची सोय) असलेला फोन लागतो. जुना कीपॅड फोन, जो म्हाताऱ्या माणसाकडे आणि गुराख्याकडे असतो, तो अशा टॉवरखाली मुकाच राहतो. साईट चालू झाल्याचा फोटो काढताना हे कोणी तपासत नाही.

आता विजेविषयी. विदर्भातले ग्रामीण टॉवर बंद पडतात त्याचं सर्वांत मोठं कारण रेडिओत नाही, विजेत आहे, आणि हे तुमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे.

दोन कंपन्यांची उपकरणं असलेल्या साध्या साईटला सतत साधारण 2 किलोवॉट लागतात. 48 व्होल्टवर म्हणजे 40 ॲम्पिअरच्या आसपास. 600 ॲम्पिअर-अवरची नवी बॅटरी बँक, तिची 80 टक्के ताकद वापरली, तर 11-12 तास ओढते. हा झाला कागदावरचा बॅकअप. आता तो टॉवर कोणाच्या वावरात उभा आहे आणि कृषी फीडरवर (शेतीपंपांसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर) आहे असं धरा. तिथे वीज 8 तास, कधी दिवसा, कधी रात्री. लेड-ॲसिड बॅटरी सावकाश भरावी लागते, क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यानं, म्हणजे 60 ॲम्पिअरनं. पूर्ण भरायला 10 तासांच्या वर लागतात. 8 तासांत ती अर्धवटच भरते आणि 16 तास ओढली जाते. रोज असं झालं की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि 600 ची बँक काही महिन्यांत 200 च्या लायकीची उरते. त्यात ऊन. अशा बॅटरीचं आयुष्य 25 अंशांना धरून सांगतात, आणि त्याच्यावर दर 10 अंशांना ते निम्मं होतं. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 च्या वर पारा असतो. बंद पत्र्याच्या कपाटात तो किती असेल ते वेगळं सांगायला नको. रेक्टिफायरचे (लाईनच्या विजेवरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचे) एक-दोन मोड्यूल जळलेले असतील तर आणखी वाईट, कारण लोड भागवून बॅटरीला द्यायला करंटच उरत नाही. वीज येते, दिवे लागतात, बॅटरी भरत नाही, आणि दूर शहरातल्या कंट्रोल रूमला पडद्यावर सगळं हिरवं दिसतं.

मग जनरेटर. लहान सेटला तासाला साधारण 2 लिटर डिझेल धरा. 16 तासांना 32 लिटर रोज. पंधरा दिवस डीपी (रोहित्र) जळालेली असेल तर कोणता ठेकेदार रोज याहूनही जास्त डिझेल पांदण रस्त्यानं नेईल? बहुतेक वेळा सेट सुरू न होण्याचं कारण याहून क्षुल्लक असतं: त्याची स्वतःची 12 व्होल्टची स्टार्टर बॅटरी मेलेली असते. एका माणसाकडे तालुकाभराच्या साईट असतात. तो येईपर्यंत दिवस जातो.

उपाय माहीत आहेत. टॉवरचं कनेक्शन कृषी फीडरवरून काढून गावठाण फीडरवर घ्या. हा महावितरण आणि टॉवर कंपनी यांच्यातला काही खांबांचा आणि तारेचा प्रश्न आहे, जिल्हाधिकाऱ्यांनी एका टेबलावर बसवलं तर सुटणारा. जिथे गावठाण फीडरच धड नाही तिथे सौर पॅनेल आणि लिथियम बॅटरी द्या. लिथियम लवकर भरते आणि अर्धवट चार्जिंगनं मरत नाही, म्हणून 8 तासांच्या विजेला तीच जुळते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता दरवर्षी तुटतो, हे नव्यानं सांगायला नको. अशा साईटना 10 जूनच्या आत किमान तीन दिवस बिनडिझेल, बिनविजेचं चालता येईल इतकी साठवण द्या आणि ती प्रत्यक्ष लोड लावून तपासा. पुरात अडकलेल्या गावाला तहसीलशी जोडणारी तीच एक गोष्ट उरते.

फायबरची कथा विजेपेक्षा लांब आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी 2011 साली मंजूर झालेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजना 2015 साली भारतनेट झाली. ऑगस्ट 2023 मध्ये तिच्या सुधारित रूपाला 1,39,579 कोटी रुपये मंजूर झाले, दहा वर्षांच्या देखभालीसकट. एवढा पैसा येतो आहे तेव्हा आधीचं का बंद पडलं हे नीट लक्षात घ्या, नाहीतर तेच पुन्हा होईल.

ग्रामपंचायतीत भिंतीवर ओएनटीचा डबा असतो, फायबर त्यात येऊन संपतं आणि तिथून इंटरनेट मिळतं. त्यावरचा पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर लाईन चालू; एलओएसचा लाल दिवा असेल तर फायबर तुटलं; एकही दिवा नसेल तर वीज नाही. हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. ग्रामपंचायतीचं बिल थकलं, मीटर काढून नेलं, डब्याची बॅटरी कधीच संपली, खोलीला कुलूप आणि चावी सचिवांकडे. सचिवांकडे तीन गावं. फायबर व्यवस्थित पुरलेलं असूनही गाव कोरडं.

लाल दिव्याचं कारण बहुतेक वेळा जेसीबी. केबल 1.65 मीटर खोल हवी. खडक लागला की ठेकेदार वर येतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याला खडक जागोजागी लागतो. मग पाणीपुरवठ्याची पाईपलाईन आली, रस्ता रुंद झाला, नाली खोदली की केबल उघडी पडते. जिथे केबल खांबावरून नेली तिथे मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत जंगलाला लागलेल्या वणव्यात ती वितळते. काळ्या मातीतले खांब पावसाळ्यात कलतात.

तुटलेली केबल शोधायला ओटीडीआर लावतात, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून तूट किती लांब आहे ते सांगणारं यंत्र. तो फायबरची लांबी सांगतो, रस्त्याची नाही. प्रत्येक चेंबरमध्ये दहा-पंधरा मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते, त्यामुळे ‘4,300 मीटरवर तूट’ म्हणजे रस्त्यावर नेमकं कुठे, हे मार्गाचे दगड जागेवर असतील तरच कळतं. दगड रस्त्याच्या कामात उखडलेले असतात. तुटलेलं जोडायला तासभर लागतो, शोधायला दिवस जातो. चेंबर कुठे आहेत आणि कुठे किती केबल गुंडाळली आहे याची नोंद प्रत्येक मार्गाची अद्ययावत ठेवली तर हा दिवस वाचतो. हे काम बसून करण्यासारखं आहे, त्याला मोठा निधी लागत नाही.

जोडणीच्या दर्जाकडेही बघा. तालुक्याच्या ओएलटीपासून (फायबरच्या मुख्य यंत्रापासून) गावच्या ओएनटीपर्यंत प्रकाशाच्या क्षयाला साधारण 28 डेसिबलची मर्यादा असते. एका फायबरचा प्रकाश 32 वाटांत विभागणारा 1:32 चा स्प्लिटर असेल तर त्यात 17 च्या आसपास जातात, 20 किलोमीटर केबलमध्ये 7 जातात. उरतात 4. चांगला जोड 0.1 च्या आत बसतो. उन्हात, धुळीत, घाईनं केलेला जोड 0.5 खातो. केबल आठ वेळा तुटली आणि आठ वेळा तशीच जोडली की उरलेले 4 संपले. मग ‘काम पूर्ण, लाईन जोडली’ असा शेरा पडतो आणि गावात लाल दिवा तसाच राहतो. म्हणून आमचं म्हणणं आहे की दुरुस्तीचं बिल ‘जोडली’ या शेऱ्यावर काढू नका, ग्रामपंचायतीत मोजलेल्या प्रकाशाच्या रीडिंगवर काढा.

सुधारित भारतनेटमध्ये रिंग करायची आहे, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं चालेल. योजना बरोबर आहे. पण रिंगच्या दोन्ही बाजू एकाच रस्त्याच्या एकाच चरातून नेल्या तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. प्रत्येक रिंगचा मार्ग नकाशावर जाहीर करा. गावातला कोणीही माणूस बोट ठेवून सांगेल की हे दोन रस्ते आहेत की एकच.

खोदण्याआधी कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च 2023 मध्ये सुरू झालं. जिल्हाधिकारी महोदय, ही बाब तुमच्या हातातली आहे. ज्या ठेकेदारानं खोदण्याआधी या ॲपवर नोंद केली नाही, त्याचं बिल थांबवा. बांधकाम, पाणीपुरवठा, जिल्हा परिषद, सगळ्यांना हे एकदा लेखी द्या.

ओटीपीबद्दल थोडं. एसएमएस हा साठवून पुढे पाठवला जातो. फोन रेंजबाहेर असला तर तो वाट बघतो आणि फोन रेंजमध्ये आला की येतो. ओटीपीची मुदत मात्र मिनिटांची. टेकडीवर चढून फोन वाजतो तेव्हा त्यात आलेला ओटीपी मेलेला असतो. केंद्र तालुक्याला, आधारशी जोडलेला फोन मुलाकडे, मुलगा कामाला परराज्यात, हे इथलं नेहमीचं आहे. मेळघाटातून कामासाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची आणखी एक अडचण आहे: 90 दिवस सिम वापरलं नाही तर ते बंद होऊ शकतं, काही काळानं नंबर दुसऱ्याला जातो, आणि आधारमध्ये तोच नंबर राहतो. यापुढचे ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर. जिथे ओटीपी सक्तीचा आहे तिथे त्याच खात्यानं कागदावरचा किंवा अंगठ्याचा रस्ता गावातच उघडा ठेवला पाहिजे, आणि रेंज नव्हती म्हणून मुदत गेली तर ती वाढली पाहिजे. रोजगार हमीच्या मजुराची हजेरी नेटवर्कमुळे लागली नाही तर त्याची मजुरी बुडता कामा नये. त्यानं माती उचललेली असते.

तक्रारीची व्यवस्थाही बघा. 198 वर फोन करायचा, तक्रार क्रमांक घ्यायचा, समाधान झालं नाही तर 30 दिवसांत अपील, अपिलाचा निकाल 39 दिवसांत. नियम चांगला आहे. पण रेंज नसलेला माणूस 198 ला फोन लावणार कशावरून? म्हणून जिथे सेवा सर्वांत वाईट, तिथून तक्रारी सर्वांत कमी. तुमच्या पडद्यावर तो भाग समाधानी दिसतो.

ज्या गावकऱ्यांपर्यंत हे पत्र पोचेल त्यांनी तक्रार अशी लिहावी की ती टाळता येणार नाही. अँड्रॉईड फोनमध्ये सेटिंग, मग फोनबद्दल, मग सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंथ दिसते. 4जीला हा आकडा उणे 85 डीबीएमच्या आसपास असेल तर सिग्नल चांगला, उणे 105 ला अडखळतो, उणे 115 च्या पलीकडे काम होत नाही. शाळा, रेशन दुकान, उपकेंद्र आणि सर्वांत लांबचा टोला, अशा चार जागी हा आकडा, तारीख, वेळ, कंपनी आणि कॉल लागला की नाही, एवढं लिहून ग्रामसभेच्या ठरावाला जोडा. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा देणं 2024 च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्या नकाशात आपलं गाव रंगवलेलं असेल आणि कागदावर उणे 118 असेल, तर दोन्ही शेजारी ठेवा. सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2022 साली हे स्पष्ट केलं आहे.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही मान्य करणार नाही. कंपन्यांच्या समायोजित महसुलातले 5 टक्के मुख्यतः खेड्यांतल्या आणि मागे पडलेल्या भागांतल्या सेवेसाठी वेगळे जातात. पूर्वी त्या निधीला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, 2023 च्या दूरसंचार कायद्यानं त्याला डिजिटल भारत निधी केलं. मेळघाटातल्या माणसाच्या रिचार्जमधूनही तो भरला जातो. याच निधीतून उभ्या राहिलेल्या 4जी साईटवर एकमेकांच्या ग्राहकांना सेवा देण्याची सोय जानेवारी 2025 मध्ये सुरू झाली. म्हणजे टॉवर एका कंपनीचा असला तरी दुसऱ्या कंपनीचं सिम त्यावर चालायला हवं. ही फार मोलाची सोय आहे. कोणत्या साईटवर ती चालू आहे आणि कोणत्या कंपन्यांसाठी, हे त्या टॉवरच्या फाटकावर मराठीत लिहा. लोक आजही दोन-दोन सिम आणि दोन-दोन रिचार्ज सांभाळतात, कारण त्यांना हे कोणी सांगितलेलं नाही.

जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत वीज पडून माणसं जातात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ ॲप आजूबाजूला वीज पडण्याची सूचना देतं, आणि आता सेल ब्रॉडकास्टनं टॉवरखालच्या सगळ्या फोनांवर एकदम इशारा पाठवता येतो. पण बंद टॉवरवरून इशारा जात नाही. वादळाच्या आधी वीज घालवली जाते, बॅटरी तासाभरात संपते, आणि नेमक्या त्या वेळी वावरातला फोन मुका होतो. बॅटरीचा हिशेब वर एवढा सविस्तर मांडला तो यासाठी.

आमच्या मागण्या:

टॉवर बंद असण्याची नोंद साईटनिहाय ठेवा आणि दर महिन्याला तालुकानिहाय मराठीत जाहीर करा, कारणासकट: वीज, बॅटरी, डिझेल, फायबर की उपकरण. भरपाईचं माप जिल्हा न ठेवता टॉवर ठेवा; ज्या ग्राहकाचा नेहमीचा टॉवर 24 तासांवर बंद, त्याला मुदतवाढ.

मोजणी पायी करा. प्रत्येक तालुक्यात टोला, पोड, ढाणा धरून, घराच्या आत आणि उपकेंद्रात, साध्या फोननं, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

कृषी फीडरवरच्या टॉवरांची यादी प्रत्येक जिल्ह्यात करा आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्यांची वीज बदला. यादी टॉवर कंपन्यांकडे आहे, फक्त मागायची आहे.

ग्रामपंचायतीतल्या ओएनटीला स्वतंत्र सौर बॅकअप द्या, आणि डबा कुलूपबंद खोलीत न ठेवता शाळा किंवा उपकेंद्रापर्यंत जोड द्या.

तक्रार ग्रामपंचायतीत कागदावर घेता आली पाहिजे, आणि तिला तोच क्रमांक मिळाला पाहिजे जो 198 वर मिळतो. कोरकू, गोंडी, कोलामी बोलणाऱ्यांची तक्रार ग्रामपंचायतीतला सेवक लिहून घेईल.

कोणतंही नवं काम फोनवर सक्तीचं करण्याआधी त्या खात्यानं दूरसंचार विभागाकडून गावनिहाय दाखला घ्यावा की तिथे सेवा आहे. दाखला नसेल त्या गावात सक्ती नको.

या पत्राचं उत्तर जिल्हानिहाय आणि लेखी द्या. ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल असं असावं, कारण आमच्या बऱ्याच गावांत ते ईमेलनं पोचणार नाही. उत्तरात ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं लिहायचं असेल तर सोबत साईटचं नाव, काम आणि तारीख लिहा. तालुक्याच्या कोणत्याही बैठकीला बोलावलं तर नकाशे, रीडिंग आणि बॅटरीच्या नोंदी घेऊन आम्ही येऊ.

आपले,
विदर्भाच्या खेड्यांत दूरसंचाराचं काम करणारे